पडद्यावर न आलेली फाइल

हे सांगायचं मी वीसेक वर्षं टाळलं. घरात त्या दिवसांचा विषय निघाला की उठून बाहेर जायचो. आता टाळण्यासारखी फार वर्षं उरलेली नाहीत.

गावोगाव कॉम्प्युटरचे क्लास निघाले, त्यातला धारूरचा एक माझा. मुलांचे प्रोग्राम ब्राउझरमध्ये वाचता यावेत म्हणून मी एक पान तयार केलं होतं. नावावर क्लिक केलं की सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर, रंगांत दिसायचा. कोणते रंग द्यायचे हे फाइलच्या नावाच्या शेपटावरून ठरे. पण त्याआधी ते पान फाइलचा सुरुवातीचा तुकडा तपासायचं. त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे सोडून भलतीच चिन्हं जास्त असली, तर ही फाइल माणसाने वाचायची नाही असं समजून ती दाखवायचंच नाही. या हुशारीचा मला गर्व होता.

एका किराणा दुकानदाराची सून क्लासला यायची. शाळेत कॉम्प्युटर शिकवायला बाई हव्या होत्या. प्रमाणपत्र आणलं की जागा तिची. नाही आणलं तर काय, हे सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं. “मग गप दुकानात बसायचं.”

कोणत्या वस्तीला पाण्याचा टँकर कधी, याचा प्रोग्राम तिने लिहिला. काय केलंय ते वरती मराठीत लिहा, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. बाकीच्यांनी कंटाळा केला. तिने पानभर लिहिलं. त्या काळी मराठी दिसायची ती फॉन्टमुळे. फाइलीत मात्र भलतीच चिन्हं जाऊन बसायची.

परीक्षक बाहेरचे होते. क्लासची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही, तेही त्यांच्याच हातात. त्यांनी तिच्या नावावर क्लिक केलं. ‘ही फाइल दाखवता येत नाही.’ वाचता न येणारी फाइल म्हणजे कुठूनतरी आणलेला तयार प्रोग्राम, असं त्यांनी धरलं.

“तयार प्रोग्राम कुठून उचललात, बाई?”

“उचलला न्हाई, सर. मीच लिहिलाय.”

“टँकरवाल्यानं लिहून दिला काय, ताई?” मागून एक जण म्हणाला. सगळे हसले.

ती माझ्याकडे वळली. “सर, तुमी बघितलंय की मला लिहिताना. सांगा की.”

तिच्या मराठीमुळे माझं पान अडलंय, हे मला पडदा बघताक्षणीच कळलं होतं. नोटपॅडमध्ये फाइल उघडून दाखवायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मग हे पान कुणी केलं, असा प्रश्न आला असता.

“इथं लिहायच्या खऱ्या,” मी म्हणालो. “घरून काय आणलं, ते मी कसं सांगणार?”

तिने खुर्ची जागेवर सरकवली आणि ती गेली. निकालात नापास. मला मान्यता मिळाली. दुसऱ्या दिवशी मी पानातली ती तपासणी काढून टाकली. दोन ओळींचं काम होतं.

तीन वर्षांनी एकदा हिय्या करून दुकानात गेलो. ती गूळ तोलत होती.

“या सर. काय देऊ?”

आवाजात राग नव्हता. मी पाव किलो गूळ मागितला, पुडी घेतली आणि परत आलो. पुढे ती मंडळी गाव सोडून गेली. कुठे, ते मी कुणाला विचारलं नाही.

दुकानात गेलो त्या दिवशी घरून घोकून नेलं होतं ते एवढंच: ताई, तुमच्या फाइलीत काही चूक नव्हती. चूक माझ्या पानात होती, आणि मला ती तेव्हाच कळली होती. मला माफ करा.