सकाळीच वाजणारी बेल

सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि माझ्या दिरांनी पुण्याहून फर्मान काढलं, "आईले खाली एकटं ठेवून तुम्ही वर झोपता, हे चालणार नाही. मी तिले घेऊन जातो." पुण्याचं नाव काढलं की सासूबाईंच्या घशाखाली घास उतरत नसे. प्रताप नगरातली आपली खोली त्यांना सोडायची नव्हती. जिना त्यांना चढवत नाही, आणि आमच्यापैकी कुणी खाली झोपावं तर "घोरता" म्हणून हाकलून देतात.

"थांबा, मी बेल करते," मी म्हटलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला मायक्रोकंट्रोलरचं वेड लागलंय. साबणाच्या डबीत सर्किट बसवलं, वर लाल बटण, आणि वायर जिन्यावरून थेट आमच्या खोलीतल्या बझरपर्यंत. पहिल्या दिवशी झकास वाजली. दिरांनी आठ दिवसांची मुदत दिली: बेल नीट चालली तर ठीक, नाही तर आई पुण्याला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ही बया सकाळी आपोआप कोकलायला लागली. धावत खाली जावं तर सासूबाई निवांत चहा पिताहेत! दुपारी पुन्हा गप्प. मी प्रोग्राम तीनदा तपासला, रेझिस्टर बदलला, वायर नवी ओढली. शेवटी डोकं फिरलं आणि नवऱ्यावर ओरडले, "तुम्ही हात लावता का हो याला?"

"मी काहून लावू? मले तर त्या वायरी पाहूनच घाम फुटते."

सातव्या दिवशी चिडून बटणच उपसलं. त्याच्या धातूच्या पायांमध्ये लाल चिखल. कुंकू! ओलं कुंकू फटीतून आत उतरून दोन पाय जोडत होतं, म्हणजे कुणी बटण दाबल्यासारखंच. वाळलं की बेल गप्प. लाल बटणावर लाल कुंकू, मला मेलीला दिसणार कसं?

"आई, याची पूजा करता तुम्ही?"

"मंग! आंघोळ झाली की रोज दोन बोटं लावते. याच्याच भरोशावर तर मी या घरात राहून राहिली."

भांडायला गेलेली मी, मला रडूच आलं. बटण स्पिरिटने पुसलं, फट बुजवली आणि डबीच्या कडेला बोट ठेवून दाखवलं, "कुंकू इथं. बटणाले नाही."

आठव्या दिवशी सकाळ शांत गेली. दिरांना फोन करून ठणकावून सांगितलं, बेल ठीक आहे, तिकीट काढू नका. फोन ठेवते तोच बझर वाजला. पडतझडत जिना उतरले. सासूबाई पलंगावर बसलेल्या, बोट अजून बटणावरच.

"काय झालं, आई?"

"काही नाही वं. मी इथंच आहो, एवढंच सांगतलं."