माहीत नसलेलं संगीत

करपलेल्या मोहरीचा वास कडू असतो, पण तो कडूपणा नाकाला लगेच कळत नाही. आधी घशात कोरडी खवखव होते, मग डोळ्यांत पाणी येते. त्या सकाळी चंदीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीतल्या आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात हा वास भरला, तेव्हा मी कढईसमोरच उभी होते. फोडणी मी आयुष्यभर कानाने केली आहे. मोहरी टाकायची, झाकण ठेवायचे; तडतड उठते, दाट होते, विरळ होते, आणि शेवटचा चुकार दाणा उडाला की हिंग. तिथे डोळ्यांचे काम नसते. त्या दिवशी मी तडतड सुरू होण्याची वाट पाहत राहिले, आणि ती केव्हाच येऊन गेली होती. झाकण उचलले तेव्हा तळाशी काळे, जळून गेलेले दाणे होते.

पंख्याचा आवाज होता, लक्ष नव्हते, असे मी स्वतःला समजावले. पण अशा समजुतीला पाय फुटतात; ती एका जागी राहत नाही. संध्याकाळी फिरायला गेल्यावर शेजारणी म्हणाल्या, या टेकड्यांवरच्या रातकिड्यांनी डोकं उठवलंय, आणि मला जाणवले की माझी संध्याकाळ तर अगदी शांत आहे. एकटी असताना कविता मोठ्याने वाचण्याची माझी जुनी सवय. त्या कविताही वेगळ्या लागू लागल्या. ओळींमधला स, श, फ यांचा बारीक वारा कुणी पुसून घेतल्यासारखा. शब्द कळत होते, त्यांच्या कडा कळत नव्हत्या.

घरात कुणाला संशय येण्याचे कारण नव्हते, कारण आमच्या घरातले बहिरेपण आधीच वाटून दिलेले होते. माझे यजमान तोफखान्यातले. कान गेलेच तर ते त्यांचे जाणार, असे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलेले.

"टीव्हीचा आवाज वाढवला कुणी?" एकदा जेवताना त्यांनी विचारले.

"मी. बातम्या नीट ऐकू येत नव्हत्या."

"अगं, तोफांच्या शेजारी उभा राहिलो मी, आणि आवाज वाढवतेस तू? गल्लीत म्हणतील, साहेबांचे कान गेले."

"गेलेच आहेत तुमचे. मघापासून तिसऱ्यांदा मीठ मागतेय मी."

ते हसले, मीठ सरकवले. मीही हसले.

त्यांना सांगितले असते तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला इस्पितळात नेले असते. तिथे एक बंद खोली असते, कानांवर यंत्र चढवतात, आणि बाहेर पडताना हातात उतरत जाणाऱ्या रेषेचा कागद असतो. त्या रेषेला मी भीत होते. निदान तिच्याआधी मला माझे मला कळायला हवे होते. म्हणून मी घरातच परीक्षा घ्यायचे ठरवले. लहानपणापासून ऐकलेले ख्याल लावले, डोळे मिटून बसले. सारे जसेच्या तसे ऐकू आले. तानपुऱ्याची जवारी, गायकाचा श्वास, तबल्याच्या चाटीवरची बोटाची टिचकी. आनंद व्हायला हवा होता. पण मग डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर पोस्टमन हाका मारताना दिसला, त्या मला ऐकू आल्या नव्हत्या, आणि लक्षात आले की ते ख्याल मी ऐकलेच नव्हते. माझ्या कानांच्या जागी बसून आठवण ऐकत होती. जिथे सूर कमी पडत होता तिथे ती आपल्या पदरचा घालत होती. मला असे संगीत हवे होते, ज्याची आठवण माझ्याजवळ नाही.

ते एका रविवारी चालत घरात आले.

मोहालीतल्या एका कंपनीत काम करणारी, नागपूरची एक मुलगी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत मला भेटली होती. दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची आणि वरणभातासाठी तिचा जीव तुटायचा. तेव्हापासून रविवारी दुपारी ती आमच्याकडे जेवायची. जेवणानंतर पिशवीतून एक छोटा स्पीकर काढून तिच्या आवडीचे काही लावायची. त्या दुपारी तिने लावले ते तीनच वाद्यांचे होते: पियानो, एक भलेमोठे व्हायोलिन उभे धरावे तसा कॉन्ट्राबास, आणि ड्रम. स्वीडन की नॉर्वे, तिकडच्या तिघांचे. पियानो दोन सूर वाजवून थांबला. बास थांबला. आणि मग काहीच नव्हते. ती मुलगी मात्र डोळे मिटून हलकेच डोलत होती.

ती शांतता त्या तिघांची होती की माझी?

विचारण्याचे धैर्य नव्हते. मी म्हणाले, "छान आहे गं. हे असलं ऐकायचं तर सुरुवात कुठून करायची?"

तिने डोळे उघडले. "काकू, खरंच ऐकायचं आहे, की मला बरं वाटावं म्हणून विचारून राहिल्या?"

"खरंच."

"बाप्पा! मग नीट सांगते. जाझ म्हटलं की लोक सरळ जुन्या अमेरिकेत जातात. तिथं जालच तुम्ही, पण मागाहून. आजच्या युरोपात सुरुवात करा. तिथल्या कितीतरी जणांनी आपापल्या गावची गाणी उचलली आहेत. कुणी गुराख्यांच्या हाका, कुणी अंगाई, बाल्कनकडचे तर लग्नाची वरातच आणतात. चाल अनोळखी असते, पण परकी नाही वाटत."

"आणि यात तानपुरा कुठे आहे? मूळ सूर कोण धरून बसतं?"

ती खळखळून हसली. "कोणीच नाही! बासवाला आहे, पण तो काही एका जागी बसत नाही. फिरून राहिला असतो बिचारा. काकू, तुम्ही समेची वाट पाहून राहिल्या ना? बोटं दिसली मला. सोडा ती. आधी दोघांचं ऐका. दोनच वाद्यं असली की कोण काय म्हणतं ते कळतं, आपल्या सवालजवाबासारखं. मग मैफलीत रेकॉर्ड केलेलं ऐका. आणि हे आत्ता वाजलं ना, असलं शांत सगळ्यात शेवटी. नवीन माणसाला त्यात झोप येते, पक्का."

त्या दिवसापासून तिने फोनवर एकेक रेकॉर्डिंग पाठवायला सुरुवात केली. सकाळी यजमानांची गाडी गेली की मी बैठकीच्या खोलीतला पडदा ओढून बसायची. माझ्या या अभ्यासाला ती रसिकता समजत होती, आणि हळूहळू त्यात थोडी रसिकता शिरलीही. इटलीतल्या दोघांचे क्लॅरिनेट आणि अकॉर्डियन ऐकले. उन्हात वाळत घातलेल्या चादरींसारखा त्यातला सूर फुगत होता, पडत होता. लंडनच्या तरुणांचे ऐकले, त्यात एक पितळी भोंगा इतक्या खालून हुंकारत होता की टेबलावरचा पेला थरथरला. पोलंडच्या एका ट्रम्पेटचा स्वर ऐकला, ओल्या लोकरीच्या वासाची आठवण करून देणारा. हे सगळे मला लख्ख ऐकू आले. काही सकाळी मला वाटले, काही झालेले नाही, मी उगाच घाबरले.

मग मी तिने शेवटी ऐकायला सांगितलेले आधीच ऐकायची. तीच ती उत्तरेकडची त्रिकुटे. पियानो थांबे, बास थांबे, आणि मी त्या मोकळ्या जागेच्या काठावर उभी राही. आवाज वाढवून पाहिला. पियानो कपाळात घुसू लागला. मोकळी जागा मोकळीच राहिली. या संगीतावर लोकांनी लिहिलेले शोधून वाचले. कुणी कौतुकाने लिहिले होते, की या वादकांना न वाजवणे साधले आहे, त्यांच्या सुरांभोवती बर्फाळ मैदानासारखे अवकाश असते. असे वाक्य सापडले की माझ्या छातीवरचे ओझे उतरायचे. दिवसभर मी गुणगुणत काम करायची. दुसऱ्या दिवशी आणखी कुणी लिहिलेले असायचे, की ड्रमरने तारांचा ब्रश झांजेवर फिरवला आहे, तो पावलांखालच्या कोरड्या गवतासारखा सतत कुजबुजत राहतो. कुठे? मी तो भाग पुन्हा लावायची. पुन्हा. मला कुठेही गवत लागत नव्हते.

रविवारच्या बैठकी मात्र चालूच होत्या, आणि त्यांत मी निभावून नेत होते. निभावण्याची एक रीत मला माहीत होती. आमच्या मिरजेला गाण्याच्या बैठकीत सगळेच जाणकार नसत. न कळणारी माणसे कळणाऱ्याच्या शेजारी जागा धरत आणि त्याची मान हलली की आपली हलवत. अर्ध्या मात्रेने उशीर व्हायचा, एवढेच. मीही त्या मुलीच्या समोरची खुर्ची धरली होती. तिच्या पापण्या मिटल्या की मी मिटायची, तिची हनुवटी वळली की माझी वळायची.

मार्चमधल्या एका रविवारी यजमान गोल्फला गेले होते. तिने नवेच काही लावले, मी पूर्वी न ऐकलेले: एक सॅक्सोफोन, एक ड्रम, एका जुन्या चर्चमध्ये वाजवलेले. सूर लांबवर जाऊन भिंतीला टेकून परत येत होता. एका जागी तो मावळला. तिची मान हलली. मी हलवली.

तिने ते मध्येच बंद केले.

"काकू, आत्ता मान कशाला हलवली?"

"छान होतं म्हणून."

"काय छान होतं?"

मी पदर नीट केला. "सगळंच."

"तुम्ही माझ्याकडे बघून हलवता. मागच्या रविवारी मी एकदा मुद्दाम, उगाच, काही नसताना हलवली. तुम्ही पण हलवली."

"आमच्या मिरजेत याला उसनी दाद म्हणायचे," मी हसून म्हटले. "गावाकडची खोड गं."

ती हसली नाही. जागेवरून उठून माझ्या खुर्चीपाशी आली आणि खाली सतरंजीवर बसली.

"काकू, ऐकू नाही येत का?"

इतक्या सरळ प्रश्नाला वळसा घालता येत नाही. मी तिला सांगितले. काही वाक्यांतच झाले. इतके महिने उराशी धरलेले सांगायला इतकेच पुरते याचे नवल वाटले. ती म्हणाली, "काकांना माहीत आहे?"

"नाही."

"हद्द आहे तुमची. आणि मी तुम्हाला ब्रशचं कौतुक सांगून राहिले होते! दवाखान्यात जाऊ. उद्या सुट्टी टाकते मी."

"जाऊ. पण त्याआधी एक कर. हे पहिल्यापासून लाव. मी तुझ्याकडे पाठ करून बसते. जिथे मला संपल्यासारखं वाटेल, तिथे मी विचारीन. तू मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

"यंत्रावर कळेल ना ते नीट."

"यंत्र आकडे सांगेल. मला हे कळायला हवंय."

तिने स्पीकर उचलून माझ्या मागच्या तिवईवर ठेवला. मी खुर्ची खिडकीकडे फिरवली. बाहेर सिल्व्हर ओकची पाने वाऱ्यात उलटी होत होती, चंदेरी, हिरवी, पुन्हा चंदेरी. त्यांची सळसळ आहे की नाही हे मी स्वतःला विचारले नाही. सॅक्सोफोन सुरू झाला, आणि पाठीमागून येणारा तो सूर मला खांद्यांत, मानेच्या मुळाशी जाणवला. ड्रमचा एक खोल ठोका पडला, मग दुसरा. सूर वर चढला, बारीक झाला, चर्चच्या उंच छताशी जाऊन थांबल्यासारखा थांबला. त्यामागोमाग कुणाचा तरी श्वास, बहुधा वादकाचा, बहुधा माझाच. मग काही नाही.

मी वाट पाहिली. रस्त्यावरून लष्कराची एक जिप्सी गाडी गेली, तिची घरघर ऐकू आली, विरली. खोलीत काहीही उरले नव्हते. इतकी स्वच्छ, इतकी पूर्ण शांतता, की क्षणभर मला ती सुंदर वाटली, आणि इतके सुंदर काही माझ्या दोषातून आलेले असणार नाही अशी मला खात्री वाटू लागली. तरीही खुर्चीचा हात मी घट्ट धरला होता.

"संपलं ना?" मी विचारले.

मागून उत्तर आले नाही. ती बोलली आणि मला ऐकू आले नाही, असे वाटून मी घाईने वळले. ती तिवईशी तशीच बसली होती. डोळे उघडे, भरलेले. तिने माझा हात हातात घेतला, आणि मला ओठ दिसावेत म्हणून चेहरा वर करून, सावकाश म्हणाली,

"वाजतंय."