पोह्यांच्या डब्यातलं सोनं

तुमच्या शेजारच्या काकूंची साखळी भर बाजारात मोटारसायकलवाल्यानं ओढून नेली, असं तुमच्या आईनं फोनवर सांगितलं. पाठोपाठ विचारलं, "आई, आत्याची ती रीत मुलांना सांगू का?" मी म्हटलं, तू नको. तू मध्येच हसत सुटतेस आणि गोष्ट अर्धी राहते. मी लिहून पाठवते.

तुमच्या आईची आत्या म्हणजे माझी थोरली नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते. चोर या विषयात आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. त्यांचा सिद्धान्त असा, की चोर वस्तूकडे बघत नाही, मालकिणीच्या चेहऱ्याकडे बघतो. "पर्स छातीशी धरलीस, की तूच चोराला पत्ता दिलास." म्हणून मोलाची चीज मळक्या पिशवीत घालावी, पिशवी दूर ठेवावी आणि तिच्याकडे चुकूनही पाहू नये. मांडीवर मात्र एक चकचकीत पर्स घट्ट धरून बसावं, जिच्यात रुमालापलीकडे काही नाही. मुंबईहून रेवदंड्याला जाताना बोटीच्या धक्क्यावर वन्संनी ही रीत वर्षानुवर्षं चालवली. अशा रुमालाच्या पर्सा एकदोनदा गेल्याही. ते त्या अभिमानानं सांगत.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. युक्तिवाद नीट मांडलेला असला की मला पटतो, आणि हा युक्तिवाद अतिशय नीट मांडलेला होता. फक्त तो मुंबईच्या धक्क्यासाठी मांडलेला होता, आणि आम्ही राहत होतो इथे इस्रायलमध्ये, लोदला.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तुमच्या मावशीची मेंदी अश्दोदला, नवऱ्याकडच्यांनी घेतलेल्या हॉलमध्ये होती. माझ्या सासूबाईंच्या पाटल्या आणि पोत आमच्या घरातल्या प्रत्येक मुलीच्या अंगावर मेंदीला चढतात. तुमच्या आईच्याही चढल्या होत्या. सासूबाईंनी ते सोनं कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून इथे, साडीच्या आत कमरेला बांधून आणलेलं. ते बँकेच्या तिजोरीत असायचं. तुमचे आजोबा भांडी आणि नारळ घेऊन गाडीनं सकाळीच पुढे गेले. बँक उघडेपर्यंत थांबून सोनं घेऊन यायचं काम माझ्याकडे, आणि माझ्यावर लक्ष ठेवायचं वन्संकडे.

मालिद्यासाठी, म्हणजे आपल्या प्रसादाच्या ताटासाठी, पोहे न्यायचेच होते. वन्संनी स्टीलच्या डब्यात खाली सोनं ठेवलं, वर पोहे भरले, झाकणाला सुतळी आवळली आणि डबा एका कळकट पिशवीत घातला. रामल्याला बस बदलायची होती. स्थानकावर उतरल्याबरोबर वन्संनी ती पिशवी एका खांबाशी, कचऱ्याच्या पिंपाला टेकवून ठेवली. मग आम्ही लांबच्या बाकावर जाऊन बसलो.

"तिकडे बघू नको."

"मी बघत नाही, वन्सं."

"मान वळली तुझी. पर्स धर. घट्ट."

मी पर्स धरली. तुम्हांला हे सांगायला हवं, की त्या काळात इथे बसमध्ये, बाजारात स्फोट होत असत. बेवारस पिशवी दिसली की रस्ता बंद, पोलीस हजर. लहान पोरांनासुद्धा 'खेफेत्स खशूद', म्हणजे संशयित वस्तू, हे शब्द पाठ असत. आम्हांलाही होते. पण ते इतरांच्या पिशव्यांना लागू आहेत, अशी काहीतरी आमची समजूत असावी.

एक सैनिक मुलगी खांबाशी थबकली. तिनं मोठ्यानं विचारलं, "ही पिशवी कुणाची?"

वन्संनी माझा गुडघा दाबला. "गप्प बस. चोर असंच विचारतो."

"वन्सं, तिच्या अंगावर युनिफॉर्म आहे."

"युनिफॉर्म भाड्यानं मिळतो."

मुलीनं पुन्हा विचारलं. मी पर्स आणखी घट्ट धरली. मग शिट्ट्या झाल्या, पोलीस आले, आणि बघता बघता सगळं स्थानक रिकामं करून आम्हांला रस्त्यापलीकडे दोरीमागे उभं केलं. वन्संच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "बघ, माणसं कशी लांब गेली."

एवढ्यात एक गाडी आली आणि तिच्यातून एक यंत्र उतरलं, रांगत्या पोराएवढं, पुढे एक हात असलेलं. ते काय करतं हे मला माहीत होतं. ते पिशवीपर्यंत जातं आणि पिशवी उडवून देतं.

"वन्सं, सोनं जाईल."

"कबूल केलंस तरी जाईल. एवढी माणसं ऐकतायत!"

"मग मेंदीला पोरीच्या हातात काय घालायचं? सुतळी?"

त्यांनी मुठीत धरलेला माझा पदर सोडला. मी दोरीखालून पलीकडे गेले आणि हात वर करून ओरडले, पिशवी माझी आहे.

पोलीस अधिकारी संतापून धावत आला. "काय आहे त्यात?"

मागून वन्सं मराठीत ओरडल्या, "पोहे सांग! नुसते पोहे सांग!"

मी पोहे सांगितले. पण पोह्यांना हिब्रूत शब्द नाही. चपटा केलेला तांदूळ, असं म्हणाले.

"तांदूळ? आणि तो कचऱ्याच्या पिंपाशी ठेवून तुम्ही लांब का बसलात?"

या प्रश्नाला खरं उत्तर सोडून दुसरं उत्तरच नव्हतं. मी हळू आवाजात म्हटलं, आत सोनं आहे. यंत्राच्या घरघरीत त्याला ऐकू गेलं नाही. "मोठ्यानं बोला!" मी मोठ्यानं बोलले. 'झाहाव' हा शब्द मग दोरीमागे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. सोनं, सोनं, म्हातारीचं सोनं.

त्यानं माझ्यासमोरच पिशवी उघडली. वर्तमानपत्र पसरून मला डबा ओतायला लावला. आधी पोहे, मग पाटल्या, मग पोत. भुईमुगाच्या शेंगा विकणारी एक बाई पुढे वाकून म्हणाली, "असलं सोनं घरी असतं तर मी झोपलेच नसते!" अधिकाऱ्यानं विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, मुलीची मेंदी आहे, आज संध्याकाळी. त्याचा राग थोडा उतरला. दोरीमागून माणसं 'माझल तोव', म्हणजे अभिनंदन, असं ओरडू लागली. एकानं टाळ्या वाजवल्या. मी खाली बसून पोहे भरत होते.

अश्दोदच्या बसमध्ये चढलो तेव्हा ड्रायव्हरनं आधी विचारलं, "नवरीचं सोनं चढलं का?" मग दर थांब्यावर कुणी ना कुणी आठवण करायचं, "आजी, पिशवी!" एका तरुणानं उतरताना आपली जागा दुसऱ्याला देऊन त्याला बजावलं, त्यांच्यावर लक्ष ठेव, त्यांच्याजवळ सोनं आहे. पिशवी माझ्या मांडीवर होती, दोन्ही हातांनी धरलेली. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या.

तुमच्या मावशीच्या हातात पाटल्या चढल्या तेव्हा नक्षीत पोह्याचा चुरा अडकलेला होता. करवल्यांनी तो सुईनं काढला. वन्संनी तोपर्यंत अर्ध्या हॉलला हकिकत सांगून टाकली होती. माझ्या विहीणबाईंनी त्यांना हसून विचारलं, "पण मग तुमची रीत फसलीच ना?"

"फसली?" वन्सं म्हणाल्या. "चारी बाजूंनी पोलीस उभे होते. जवळ कावळा फिरकला नाही. सांगा, चोर आला का?"

विहीणबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी विचार केला. चोर खरोखरच आला नव्हता.