कागद्याच्या घरचा हुकूम

"उठा रे सगळे. उभे राहा. कागद्याच्या घरून हुकूम आलाय."

थोरले कारकून असं म्हणाले आणि कचेरीतले सात-आठ कारकून खरंच उठले. मांडीवरचे कागद बाजूला ठेवले, उपरणी सावरली, हात जोडले. एकानं तर डोळे मिटले, आरतीला मिटतात तसे. थोरल्या कारकुनांनी घसा साफ केला आणि माझा अर्ज मोठ्यानं वाचला. एकेक अक्षर तोलून.

"नदीकाठची सदरहू वाट कागदी लोकांस मोकळी करून देणे. ये बाबी उजूर न करणे. फिरोन बोभाट येऊ न देणे. जाणिजे."

'जाणिजे' म्हणताच सगळे फुटले. एक जण दौतीवर कलंडला. कोणी म्हणालं, "शिक्का कुठाय? शिक्का राहिला वाटतं!" दुसरा म्हणाला, "छे हो, शिक्का पुढच्या पालखीतून येतोय."

मी सतरा वर्षांचा होतो. शेजारी अब्बा उभे होते, पायताण हातात घेऊन. त्यांना वाचता येत नव्हतं. एवढी शहाणी माणसं उठून उभी राहिली म्हणजे मुलाच्या लिहिण्याला मान दिला, असं त्यांना वाटलं. तेही हसले. माझ्याकडे बघून, कौतुकानं.

ते हसू मला अजून विसरता येत नाही.

आम्ही कसबा पेठेतले कागदी. जुने दोर, तागाची पोती, चिंध्या चुन्यात भिजवायच्या, कुटायच्या, तो लगदा नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायचा, मग हौदात कालवून त्याचे ताव काढायचे. पुण्यात जो हुकूम लिहिला जातो तो आमच्या हातच्या कागदावर. लगदा धुवायची आमची जागा मुठेच्या काठी होती, आजोबांच्या आधीपासून. त्या वर्षी वरच्या अंगाला एका बड्या घरची स्नानाची जागा झाली. त्यांच्या माणसांनी आमच्या वाटेवर काट्यांचं कुंपण घातलं. कागद्यांच्या वाऱ्यानं पाणी बाटतं म्हणे. आम्ही खालच्या अंगाला, ते वरच्या. पाणी खालून वर कधीपासून वाहायला लागलं?

घरी दोन हौद भरून लगदा पडला होता. धुतला नाही तर आठवड्यात नासतो. म्हणून अर्ज करायचा होता. कचेरीतून वाट मोकळी करून घ्यायची होती. एवढंच.

मोडी मी कोणाकडे शिकलो नव्हतो. आमच्याकडे शिकवणार कोण? कचेरीतली रद्दी आमच्याकडे कुटायला यायची. चुकलेले मसुदे, शाई सांडलेले ताव. ते पाण्यात टाकायच्या आधी मी बाजूला काढायचो. आमच्या शेजारी एक म्हातारे शिलेदार राहायचे, त्यांनी मला पाचपन्नास अक्षरं दाखवली. बाकीचं मी त्या रद्दीतून काढलं, तीन वर्षं. वाक्यंच्या वाक्यं पाठ केली. 'उजूर न करणे', म्हणजे हरकत घ्यायची नाही. 'बोभाट येऊ न देणे', म्हणजे पुन्हा तक्रार येता कामा नये. मला ती फार आवडायची. ठाम. नेमकी. मला वाटलं, शहाणी माणसं असंच लिहितात. कागदावरची भाषा हीच.

घोळ इथं झाला. कचेरी फेकून द्यायची ते सगळे हुकमांचे मसुदे. वरून खाली जाणारे कागद. खालून वर येणारे अर्ज कचेरी फेकत नाही, रुमालात बांधून ठेवते. म्हणून 'सेवेसी विज्ञापना' कशी करतात, 'पायांचा चाकर' कुठं लिहितात, नाक किती ओळींनंतर घासायचं, हे मी कधी वाचलंच नव्हतं. मी राज्यकर्त्यांची भाषा शिकलो होतो. मागणाऱ्याची भाषा मला येत नव्हती. एकच वाक्य वरून आलं तर हुकूम, खालून गेलं तर गुन्हा. हे कोणत्याही रद्दीत लिहिलेलं नव्हतं.

पण त्या दिवशी मला यातलं काही समजलं नाही. एवढंच समजलं, की हे सगळे मला हसताहेत. थोरले कारकून माझ्याकडे वळून म्हणाले, "काय आज्ञापत्रकार, मजकूर आपलाच ना? आम्ही आपल्याकडे शिकायला येतो. सकाळी यावं की दुपारी?"

आता मी केलं ते लिहितो. हा कागद त्यासाठीच आहे.

मी म्हणालो, "मजकूर माझा नाही. अब्बांनी सांगितला तसा मी उतरवला."

खोटं बोललो. अब्बांनी फक्त एवढंच सांगितलं होतं, "लिही, पाणी द्या म्हणून." बाकी सगळं माझं. माझी तीन वर्षांची मिजास. पण त्या घोळक्यात मला शहाण्यांच्या बाजूला उभं राहायचं होतं. हसणाऱ्यांच्या. त्यांच्यासारखं लिहितो, तर त्यांच्यातलाच वाटलो पाहिजे. त्यासाठी मी बाप पुढं ढकलला.

थोरले कारकून अब्बांकडे वळले. आता 'आपण' संपलं. "काय रे कागद्या, सरकारला ताकीद देतोस?"

अब्बांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना काय झालं ते कळलं असणार. मघाचं हसू गेलं. ते म्हणाले, "व्हय पंत. म्याच बोललो तसं. पोराला काय ठावं? त्यानं उतरवलं फक्त. माफी असावी."

आणि त्यांनी कान धरले. पायताण खाली ठेवून, दोन्ही हातांनी. माझ्या चुकीसाठी. पन्नाशीचा माणूस.

हाच थोरला कारकून दर पावसाळ्याआधी आमच्या दारात कागद निवडायला यायचा. घोटलेला ताव कोणता, कच्चा कोणता, त्याला कधी कळायचं नाही. उलट्या बाजूवर हात फिरवून "हा चांगला" म्हणायचा. अब्बा ताव उजेडात धरून दाखवायचे, शंखानं घोटलेली बाजू कशी ओळखायची ते सांगायचे. दर वर्षी. आमच्या गल्लीत त्याला कधी कोणी हसलं नाही. कोणाला आपल्या धंद्याचं ठाऊक नसेल तर सांगायचं असतं, एवढंच आम्ही जाणत होतो.

थोरले कारकून खाली बसले. एक कोरा ताव माझ्यापुढं टाकला. आमच्याच हौदातला. म्हणाले, "घे, लिही. रीत शिकवतो तुला. फुकट."

मी बोरू घेतला. ते सांगू लागले. "आम्ही कागदी लोक मूढ. बोलावे कैसे हे ठाऊक नाही. अपराध घडला. क्षमा करणार स्वामी समर्थ."

मी लिहिलं. सगळं लिहिलं. अक्षर चांगलं आलं, याचंच मला बरं वाटलं. बघा मी कसा होतो.

"पुढं लिही. यापुढे आमचे घरचा कोणी बोरू हाती धरणार नाही. जे मागणे ते कचेरीच्या कारकुनामार्फत मागू."

माझा हात थांबला.

"लिही की. शाई वाळली का?"

"हे कशाला, पंत?"

"वाट हवी ना? मग वाटेला कुंपण नको, लेखणीला हवं. ज्याचं काम त्यानं करावं. तुम्ही कागद करा, आम्ही लिहितो. कोणाचं अडलंय?"

अब्बा हळूच म्हणाले, "लिही, बेटा. लगदा नासतोय."

खरं होतं. लगदा नासत होता. एक ओळ लिहिली असती तर वाट मोकळी झाली असती. ती ओळ मला लिहिता येत होती. पण तिच्याखाली निशाणी अब्बांची होणार होती. म्हणजे पुन्हा गुन्हा माझा आणि कान त्यांचे.

मी बोरू खाली ठेवला. म्हणालो, "पहिला मजकूर माझा. अब्बा काही बोलले नव्हते. मी खोटं सांगितलं. आणि ही ओळ मी लिहिणार नाही."

आता कोणी हसलं नाही. थोरल्या कारकुनांनी मी लिहिलेला ताव उचलला, चार तुकडे केले आणि रद्दीत टाकले. "निघा," म्हणाले.

वाट मोकळी झाली नाही. एक हौद नासला. वास गल्लीभर सुटला, शेजाऱ्यांनी अम्मीला नावं ठेवली. दुसऱ्या हौदातला लगदा आम्ही संगमाच्याही खाली नेऊन धुतला, कावडीनं, रोज. अब्बा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एवढंच बोलले, "बोरू तू ठेवलास. आता कावड तू उचल." उचलली. अजून उचलतो. खांद्याला घट्टे पडलेत. त्याचं मला काही वाटत नाही. अब्बांनी कान धरले तेव्हा मी कारकुनांच्या बाजूला उभा होतो, त्याचं वाटतं. ते जात नाही. जाऊही नये.

आता ऐका. हा कागद मी हातानं उतरवून पेठेत देतो. ज्याला वाचता येतं त्यानं चार जण जमवून मोठ्यानं वाचावा. माझा अर्ज कचेरीला कळला नव्हता असं कोणी म्हणू नका. शब्द न् शब्द कळला होता. पाणी कोणाला हवं, का हवं, कुठं हवं, सगळं. त्यांना राग एवढाच, की त्यांच्या मेळ्यातला नसताना मी बोललो. मेळ्याची आपली एक बोली असते. ती त्यांना आईच्या मांडीवर मिळते आणि मग ते तिला अक्कल म्हणतात.

ती बोली मी आता पुरती शिकलोय, वरची आणि खालची दोन्ही. आमच्या गल्लीत पाच जण माझ्याकडे मोडी शिकतात, त्यात माझी धाकटी बहीण आहे. त्यांना मी दोन्ही दाखवतो आणि कोणती कुठून येते तेही सांगतो. कासार येऊ दे, कुंभार येऊ दे, ज्याचा अर्ज असेल तो मी लिहीन. त्यात मूढ कोणी नसेल, पायांची धूळ कोणी नसेल. काय झालं, कुठं झालं, कोणी केलं, काय हवं. चार ओळी. कचेरीला नाकारायचं तर नाकारू दे.

आणि प्रत्येक अर्जाखाली माझं नाव असेल, त्यापुढं लिहीन: मजकूर माझा, जाब मला विचारावा.