दोन दिवसांचं वाळवंट

मुंबईतल्या निर्यातीच्या दलालाने मला फसवलं, आणि त्याच्या शब्दावर मी माझ्या दाजींना फसवलं. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. अर्धापूरजवळ त्यांची तीन एकर केळी होती. आज तिथे सोयाबीन आहे.

मी नांदेडच्या बस स्टँडवर हातगाडीवर केळी विकत वर आलो. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. आता लातूरला माझी स्वतःची केळी पिकवायची खोली आहे. तिथवर पोचलो ते कुणाच्या बोलण्यावर विश्वास न ठेवता. बाग घेताना मी मालकाच्या तोंडाकडे बघत नाही. बांधापासून डांबरी किती लांब, पावसात गाडी रुतते का, हे चालून बघतो. बिलोलीकडच्या एकाने रस्ता अर्धा कोस सांगितला आणि निघाला दीड. त्याच्या दारात उभा राहून मी असा भांडलो की त्याचे शेजारी मधे पडले.

असा माणूस कसा फसला, ते सांगतो.

परदेशी माल पाठवायचा तर प्रत्येक बागेला एक नंबर पडतो आणि तो खोक्यावर छापतात. दाजींची बाग सात नंबर. आमचा माल बहरीनला जायचा. पहिले काही कंटेनर बिनतक्रार गेले. मग दलालाचा फोन आला. म्हणाला, सात नंबरचा माल काळा पडून राहिलाय. तिथे बंदरापासून बाजार दोन दिवसांवर आहे, मधे सगळं वाळवंट, कोरडी आग. या बागेची साल पातळ आहे, ती एवढा प्रवास सोसत नाही. सोबत काळ्या केळ्यांचे फोटो पाठवले. फोटोत केळी होती, एवढंच खरं.

मी ते मानलं. आमच्याकडे आखातात गेलेला प्रत्येक माणूस दुबईला गेलेला असतो. कुवेतला असो नाहीतर मस्कतला, घरचे सांगतात, ‘दुबईला हाय.’ तिकडे सगळीकडे वाळू, उंट आणि तेल, एवढ्यावर आमचं ज्ञान संपतं. तरी मी मुलीचं भूगोलाचं पुस्तक उघडून बघितलं होतं. बहरीन हे नाव समुद्रात लिहिलेलं, शेजारी एक ठिपका. ठिपका छपाईचा डाग असेल असं वाटलं. पुस्तक मिटलं. मुलीला विचारायची लाज वाटली.

दाजींना सांगायला मीच गेलो. दाजी घड खांद्यावरून आणायचे तेव्हा खाली गोधडीची घडी ठेवायचे, सालीवर चरा नको म्हणून. त्यांना मी म्हणालो, तुमची साल पातळ आहे, तुमचा माल आता पाठवता येत नाही. त्यांनी वाद घातला नाही. खत बदललं, पाणी कमी-जास्त करून बघितलं, रोपं नवीन आणली. मी तिथल्या चहाच्या टपरीवरही तेच बोललो होतो, त्यामुळे दुसरे व्यापारीही बागेत शिरेनात. दोन हंगाम असे गेले आणि दाजींनी बाग मोडली.

त्यानंतर वर्षभराने दलाल म्हणाला, अकरा नंबरचीही साल पातळ आहे. तेव्हा माझं डोकं फिरलं. अकरा नंबरची जमीन वेगळी, पाणी वेगळं, जात वेगळी. म्हटलं, ते वाळवंट एकदा डोळ्यांनी बघतो. हैदराबादहून विमान धरलं.

विमान उतरायला लागलं तेव्हा खिडकीतून समुद्र दिसला, मग मातकट जमिनीची पट्टी, मग पुन्हा समुद्र. मला वाटलं, देश अजून यायचाय. तेवढ्यात चाकं टेकली.

बाहेर पाऊल टाकलं तर चष्म्यावर वाफ धरली. मी नांदेडच्या मे महिन्याच्या तयारीने गेलो होतो, ओठ फुटतील असा. तिथे सदरा अंगाला चिकटला. कोरडी आग म्हणजे ही? हा पहिला धक्का.

विमानतळावर एक टॅक्सीवाला भेटला, बोधनचा, म्हणजे बिलोलीच्या पलीकडे हद्द ओलांडली की त्याचं गाव. त्याला दिवसभरासाठी ठरवलं. म्हटलं, आधी बंदरावर चल, मग वाळवंटातून बाजाराला. दोन दिवस लागले तरी चालेल.

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. “दो दिन कायकू, सेठ? दो दिन चलाये तो समुंदर में गिरते अपन.”

बंदरापासून बाजार अर्ध्या तासावर निघाला. मधे पूल, इमारती, सिग्नल. मी त्याला परत बंदरावर न्यायला लावलं आणि घड्याळ लावून दुसऱ्यांदा आलो. तेवढाच वेळ. मग म्हटलं, हा देश जिथे संपतो तिथपर्यंत ने.

उत्तरेला घरांच्या मधे मधे खजुराच्या बागा उरल्यात. तो सांगत होता, पूर्वी इथे गोड्या पाण्याचे झरे होते, समुद्राच्या तळाशीसुद्धा. मोती काढणारे बुडी मारून खालून प्यायचं पाणी भरून आणायचे. पुढे मोत्यांचा धंदा बसला आणि तेल लागलं. तेही शेजाऱ्यांच्या मानाने थोडंच. म्हणून मग अॅल्युमिनियमचा कारखाना काढला, बँका आणल्या, समुद्रावरून सौदीपर्यंत लांबलचक पूल बांधला. सुट्टीला त्या पुलावरून गाड्यांची रांग लागते. नदी एकही नाही. समुद्राचं खारं पाणी गोडं करून पितात. लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं तेव्हा मी रांगेत होतो, त्यामुळे याला हसलो नाही. तांदूळ, कांदा, केळी, जवळपास सगळं बाहेरून येतं.

मधोमध एक खडकाळ टेकडी आहे, तीच त्या देशातली सगळ्यात उंच. माहूरला रेणुकेच्या दर्शनाला मी याहून उंच चढलोय. टेकडीच्या आसपास तेलाचे पंप माना हलवत उभे, आणि दक्षिणेला खरंच वाळवंट आहे. पण बाजार उत्तरेला. त्या वाळवंटातून केळी न्यायची तर कुणीतरी मुद्दाम चुकीच्या दिशेने निघायला हवं. जेवायच्या वेळेला आम्ही बाजारात परत होतो.

बाजारात एका केरळी फळवाल्याच्या दुकानात कांदे ठेवलेलं जुनं खोकं दिसलं. वर सात नंबर.

मी विचारलं, हा माल काळा पडायचा ना?

“कौन बोला?” तो म्हणाला. “यही तो पहले बिकता था. कस्टमर अभी भी पूछता है. भेजना कायको बंद किया?”

मी खोक्याच्या दुसऱ्या बाजूचाही नंबर बघितला. सातच.

दलालाला तिथूनच फोन लावला. आधी तो हॅलो हॅलो करत राहिला. मी म्हणालो, मी बहरीनच्या बाजारातून बोलतोय. मग तो अगदी थंडपणे म्हणाला, “शेठ, भाव खाली आणायला काहीतरी बोलावंच लागतं. तुम्ही नाही का बोलत?”

बोलतो. मी केळाला बारीक म्हणतो, वाकडं म्हणतो, घड हलका म्हणतो. समोरचाही मला चार शब्द सुनावतो आणि सौदा तुटतो किंवा होतो. पण माणसाने स्वतःच्या मातीवर शंका घ्यावी असं मी कधी कुणाला बोललो नव्हतो. ते याने माझ्या तोंडून वदवून घेतलं, आणि माझ्याच बहिणीच्या घरात.

परत आल्यावर घरी न जाता आक्काकडे गेलो. सगळं सांगितलं. दाजी खाली बघत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “केवढा हाय तो देश?”

“नांदेडहून निघालं तर कंधारपाशी संपतो.”

“म्हणजे केळीत खोट नव्हती.”

“न्हाई, दाजी.”

“दोन वर्षं मी मातीला नावं ठेवत होतो,” ते म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले. आक्का माझ्याकडे वळली. म्हणाली, “साऱ्या दुनियेचं तू चालून बघतोस. आमच्याच बारीला बसून ऐकलंस व्हय रे?”

दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर उभा राहून, सगळ्यांच्या देखत, दाजींच्या केळीबद्दल मी बोललो ते खोटं होतं असं सांगितलं. माझ्या वाट्याचं मी केलं. ते पुरेसं नाही, हे मला कळतं.

आता उरला तो दलाल. तो माझा फोन उचलत नाही. त्याच्याकडून मला भरपाई नको. त्याने अर्धापूरला यावं, दाजींच्या बांधावर त्या सोयाबीनसमोर उभं राहावं, आणि दोन दिवसांचं ते वाळवंट कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं, ते दाजींच्या तोंडावर सांगावं. आमच्या गावाचा रस्ता लांब नाही. ये आणि उत्तर दे.