कशाबरोबर खाणार?

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीखाली पोळीभाजीचं एक छोटं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. पुरणपोळी मागितली की त्या लाटणं हातात धरून आधी विचारतात, "कशाबरोबर खाणार?" मी इथलाच, पुण्याचा; दुधाबरोबर म्हणतो, म्हणून मला मऊ, पातळ पोळी मिळते. गुळवणी म्हणणारा कोल्हापूरकडचा, त्याची पोळी तेलावर लाटतात. वाटीभर तूप म्हणणारा नागपूरकडचा. त्याच्या पोळीत पुरण एवढं भरतात, की ती उलटताना स्वतःच श्वास रोखून धरतात.

मे महिन्यात ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घातलेली एक मुलगी आली. म्हणाली, "आमरसाबरोबर."

बाईंनी लाटणं खाली ठेवलं. "धुळं का जळगाव?"

"धुळे."

"मग इथे नाही मिळायची. ती हातावर फिरवून मोठी करायची आणि मातीच्या खापरावर भाजायची. या तव्यावर नाही होत."

मुलगी वळली, तशी बाईंनी हाक मारली. "अगं, थांब. खापर माझ्या घरी आहे. रविवारी जेवायलाच ये. ती पोळी मी विकत नाही."

इतकी वर्षं मी तिथे पोळ्या घेतोय, पण बाई खानदेशातल्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मी घाईघाईने म्हणालो, "अहो, आमरसाबरोबर मलाही चालेल की!"

त्यांनी लाटणं उचललं.

"तुम्ही दुधाबरोबरच खा," त्या म्हणाल्या. "तुमचं घर इथंच आहे."