बाळंतिणीचं मुसकं

मी तशी भित्री नाही. विंचू चिमट्यात धरून बाहेर टाकते, आणि दोन जावांबरोबर एका चुलीवर उभा जन्म काढला आहे. पण कोणी तोंडाला पांढरं फडकं बांधून समोर आलं की अजूनही मी दोन पावलं मागं सरते, आणि त्याच्या मागोमाग, या वयातही, पान्हा दाटल्यासारखा वाटतो. लोक हसतील म्हणून हे मी कोणाला सांगत नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, नाचणगावला होते. मुलगा झाला होता. त्याला तिसरा महिना लागला होता आणि ऊन जरा उतरलं की मला आर्वीकडे सासरी पोचवायचं ठरलं होतं. भाऊ कामासाठी परगावी होते; घरात माय, बा, मी आणि लेकरू. बा पुलगावच्या गिरणीत कामाला होता. रोज पायी जायचा, पायी यायचा. आदल्या दसऱ्याला माय-बानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. परत आल्यावर बानं भिंतीतल्या देवळीतले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आला. मायनं ती रिकामी देवळी शेणामातीनं सारवून घेतली, पण तिथं दुसरं काही ठेवलं नाही.

त्या उन्हाळ्यात तापाची साथ आली. ताप मुंबईकडून गाडीनं आला आणि पुलगाव ठेसनावर उतरला असं लोक सांगायचे, जणू त्यानं रीतसर तिकीट काढलं होतं. गिरणीत माणसं कमी दिसू लागली. मग आमच्या वस्तीतही घरोघरी खोकला ऐकू यायला लागला. वरच्या आळीतलं एक तान्हं लेकरू गेलं. ही बातमी मायनं माझ्यापासून लपवली होती, पण विहिरीवर निघालेल्या एका बाईनं ती दारातूनच सांगून टाकली. त्या दिवसापासून मी लेकराला मांडीवरून खाली ठेवेना.

मायची भीती माझ्याहून जुनी होती. ती लहान असताना मानमोडीची, असल्याच तापाची, साथ आली होती, आणि तिची माय त्यात गेली. मेलेल्या मायच्या छातीला धाकटा भाऊ लागलेला होता आणि ओढून काढताना तो रडत होता, एवढंच तिला आठवायचं. तो भाऊही पुढं राहिला नाही. हे तिनं मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात भाकरी थापता थापता सांगितलं, आणि वर म्हणाली, "तू नको मनाले लावून घेऊ." आता मनाला लावून घेऊ नये तर काय करावं माणसानं?

दवाखान्यातली नर्सबाई वस्तीतून फिरत होती. ती आमच्या दाराशी उभी राहिली, आत आली नाही.

"घरात तान्हं आहे ना? मग सगळ्यांनी नाकातोंडावर चौपदरी फडकं बांधा. रोज उकळायचं, उन्हात वाळवायचं. ज्याला ताप येईल त्यानं लेकराजवळ जायचं नाही."

"आन् लेकराच्या मायलेच आला तं?" मायनं विचारलं.

"तिनं तर बांधलंच पाहिजे. पाजणं मात्र सोडायचं नाही."

झबल्यांसाठी म्हणून ठेवलेला मांजरपाटाचा तुकडा घरात होता. मायनं तो भिजवून खळ काढली, उकळला आणि दोरीवर टाकला. कात्री आमच्याकडे नव्हतीच. कडेला दातानं चीर द्यायची आणि सूत धरून सरळ फाडत जायचं. वीतभर लांबीचा तुकडा, चार पदर, चारही बाजूंनी धावदोरा. वरच्या काठाला मधोमध एक चुणी घातली की ते नाकावर नीट बसायचं. नाड्या जुन्या लुगड्यांच्या काठांच्या केल्या. बाच्या हिरव्या, मायच्या जांभळ्या, माझ्या लाल, म्हणजे एकाचं फडकं दुसऱ्याच्या तोंडाला जायला नको. मी लेकराला मांडीवर घेऊन शिवत होते. माझा हात चांगला आहे शिवणाला, पण त्या दिवशी सुई सारखी बोटात जात होती.

संध्याकाळी बा आला. मायनं हिरव्या नाड्यांचं फडकं त्याच्यापुढं केलं. "उद्यापासून तोंडाले बांधजा. गिरणीतबी."

बानं ते उलटंपालटं करून पाहिलं. मळणीच्या वेळी बैलानं धान्यात तोंड घालू नये म्हणून त्याला जाळी बांधतात, तिला आमच्याकडे मुसकं म्हणतात. "हे तं बैलाचं मुसकं आहे," तो म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय, पण त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. "माह्या आज्यापंज्याच्या गळ्यात मडकं होतं म्हणते, थुंकी भुईवर पडू नाई म्हणून. आता कुठं तोंड वर करून चालून राह्यलो. मी तोंड झाकून कोणाच्या समोर जाणार नाई."

मायनं ते फडकं उचलून खुंटीला अडकवलं. त्याचं म्हणणं मला पटत होतं आणि त्याचा संतापही येत होता. दिवसभर खोकणाऱ्या माणसांत उभा राहून तो घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि नातवाला घ्यायला हात पुढं करायचा. लेकरू झोपलंय असं मी सांगायची. लेकरू टक्क डोळे उघडून आमच्याकडे पाहत असायचं.

मग एका दुपारी बा गिरणीतून मधेच परत आला. मायनं ऊन लागलं म्हणून त्याच्या तळपायांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं दिलं. दिवस मावळेपर्यंत खोकला सुरू झाला आणि ऊन लागलं नाही हे तिघांनाही कळलं. बानं आपलं कांबळं उचललं आणि पडवीत जाऊन पडला. त्यानं कोणाला जवळ येऊ दिलं नाही, आणि फडक्याचा विषयही काढला नाही.

पुढं दोन-तीन दिवसांत माझं अंग मोडून आलं. मी आधी कोणाला बोलले नाही. कपाळाला हात लावायची, हात गार वाटला की स्वतःला समजावायची. पण हातही तापलेलाच होता, त्याला काय कळणार? शेवटी मायला सांगितलं. ती परातीत पीठ मळत होती, ते तिनं तसंच सोडलं.

देवळीच्या आतल्या कोपऱ्यात कापराची एक डबी होती. देव नदीत गेले, कापूर तेवढा मागं राहून गेला होता. मायनं माझ्या फडक्याची एक बाजू उसवली, कापराच्या वड्या चुरून पदरांत भरल्या आणि पुन्हा शिवून टाकलं. पडवीकडे नजर टाकत, दबक्या आवाजात म्हणाली, "देवाचा नाई, दवाईचा आहे." मी कोणाचाही चालवून घेतला असता. तिनं लाल नाड्या माझ्या डोक्यामागं घट्ट बांधल्या आणि लेकरू माझ्या हातात दिलं.

त्यानं तोंड लावलं आणि मान फिरवली. मी दुसऱ्या बाजूला घेतलं. तिकडंही तेच. एरवी माझी चाहूल लागली तरी तोंड उघडणारं पोर पाठ ताणून रडायला लागलं. थोड्या वेळानं पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. सकाळची दुपार झाली. माझी छाती दगड झाली होती आणि त्याचा आवाज बसत चालला होता.

लेकरानं थान सोडलं, असं आमच्याकडे म्हणतात. ते लेकरू जायला टेकलं की म्हणतात, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. घरात हे कोणीच मोठ्यानं म्हणालं नाही. मायनं ते मनात म्हटलेलं मला दिसत होतं. ती उठली, देवळीपुढं जाऊन उभी राहिली, तिचे हात जुळता जुळता थांबले. माझ्या वेळी, माझ्या भावांच्या वेळी, ती इथंच नवस बोलली होती. आता पुढं नुसती सारवलेली माती होती. ती तिथंच खाली बसली आणि तोंडावरचं फडकं खाली ओढून, पदर तोंडात कोंबून रडली. मायला इतकं भ्यालेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

"काऊन रडून राह्यलं ते?" पडवीतून बानं विचारलं.

"दूध घेत नाई," माय म्हणाली.

मग बा म्हणाला, "माह्यापायी झालं."

फडकं ओढून काढावं आणि पोराला पोटाशी धरावं असं मला सारखं वाटत होतं. गाठीला हात गेला की वरच्या आळीतलं तान्हं आठवायचं आणि हात खाली यायचा. बांधलं तर उपाशी मरेल, सोडलं तर तापानं मरेल, यापुढं माझं डोकं चालेना. लेकरू रडून रडून थकलं होतं. त्यानं मान वळवली, अंगाखालच्या दुपट्याचा कोपरा तोंडात धरला आणि चोखायला लागलं.

मी ते बघत राहिले. तोंड तर चालत होतं. भूकही होती. दुपटं माझ्याच जुन्या लुगड्याचं होतं, त्यावर माझं दूध सांडलेलं, त्याची लाळ गळलेली. माझं नाक केव्हाचं चोंदलेलं होतं, मला कसलाच वास येत नव्हता. पण त्याला येत होता. दर वेळी मी पाजायला वाकले की तो कापूर बरोबर त्याच्या नाकाशी येत होता.

"माय," मी म्हटलं, "कापूर."

मायनं माझ्या तोंडावरचं फडकं सोडून नाकाशी धरलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं नाड्या तोडून ठेवल्या आणि ते चुलीत टाकलं. ओल्या पंच्यानं माझं तोंड, गळा, छाती पुसून काढली. मी तोवर स्वतःच्या हातानं दुपट्याला चीर दिली, चार पदर केले. तापात टाके बोटभर लांब पडत होते, शिकाऊ पोरीनंही घालू नयेत असे. एक बाजू तर शिवलीच नाही. बांधलं आणि लेकराला घेतलं. त्यानं हुंगलं, डोकं दोनदा आपटलं आणि घटाघटा प्यायला लागलं. मायनं त्याच्या घशाचा आवाज ऐकला आणि भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळानं पडवीतून आवाज आला, "हिरव्या नाडीचं कुठं आहे?"

मायनं लांबूनच फेकलं. बानं ते बांधलं आणि दाराच्या चौकटीला धरून दुरून नातवाला पाहून गेला.

ताप आठवडाभर रेंगाळला. लेकराला तो आला नाही. दुपट्याचं एक फडकं उकळत असायचं, एक माझ्या तोंडावर असायचं. झोपेतसुद्धा मी ते काढत नव्हते. सुटून खाली पडलं असेल या भीतीनं दचकून उठायची आणि आधी गाठ चाचपायची. शेवटी नर्सबाई येऊन म्हणाली, आता काढा.

सकाळची वेळ होती. मी नाड्या सोडल्या, तोंड धुतलं, केस नीट केले. इतक्या दिवसांनी उघड्या तोंडानं पोराला भेटायचं, त्याचा पापा घ्यायचा, म्हणून हसत हसत त्याला उचललं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला. मग त्यानं असा टाहो फोडला की माय चुलीवरून धावत आली. मी जवळ घ्यायला गेले तर त्यानं मान मागं टाकली. मी बोलले, गाणं म्हटलं, पण त्याचं रडं थांबेना. त्याचं माझ्या तोंडाशी काही नातंच उरलं नव्हतं. मी तापातही इतकी भ्याले नव्हते. माझंच पोर मला भीत होतं.

बा उंबऱ्यात बसलेला होता. त्याचा ताप माझ्या आधीच उतरला होता, तरी त्याच्या तोंडावर हिरव्या नाड्यांचं फडकं तसंच होतं.

"बांध, पोरी," तो म्हणाला. "त्याची माय मुसक्यातली आहे."

मी बांधलं. लेकरू रडता रडता थांबलं, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मी वरून रडत होते, फडकं भिजत होतं, आणि तो पीत होता. नातू पिऊन झोपेपर्यंत बासुद्धा आपलं मुसकं न काढता तिथंच बसून राहिला.